थांबणारा गट

गंजगोलाईतून कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन दानम्मा ट्यूशन एरियाकडे निघाली होती. तोंडात पान होतं, पानात तंबाखू होती, आणि नऊ वर्षांच्या रिवाजाप्रमाणे पिवळ्या भिंतीपाशी आल्यावर तिनं मान जराशी तिरकी केली. तेवढ्यात भिंत म्हणाली, येथे थुंकू नये. दानम्मानं गिळलं.

पुढची काही मिनिटं तिला काही सुधरलं नाही. घशातून जाळ उतरला, कानात भुंगा शिरला, कपाळावर दरदरून घाम आला आणि ती एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसली. लातूर तिच्याभोवती रहाटपाळण्यासारखं सावकाश फिरत होतं. सायकलवरची पोरं, पाठीवरची दप्तरं, उसाच्या रसाचा गाडा, सगळं एकदा डावीकडून आलं आणि उजवीकडं गेलं. तिला तंबाखूची भीती वाटली नाही, तंबाखू तासाभरात उतरते. भीती वाटली ती भिंतीची. नऊ वर्षं ही भिंत गप्प होती. तिच्यावरची काळी नक्षी दानम्मानं रोज पाहिली होती, पण पाहिली ती पोपडे पाहावेत तशी. आता कळलं की ती नक्षी जुनी आहे, रंग विटलाय, म्हणजे भिंत पहिल्या दिवसापासून रोज हेच सांगत होती आणि दानम्मा रोज तिच्या तोंडावर. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा नऊ वर्षं नकळत अपमान करत राहावं आणि त्यानं चकार शब्द बोलू नये, तसं तिला झालं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

तिला अक्षरं अगदीच येत नव्हती असं नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथं तिनं अक्षरं ओळखली होती. पण ती तांदळातले खडे वेचावेत तशी वेचायची. हा थ, हा उकार, हा क, आणि सगळे वेचून हातावर घेईपर्यंत पहिला कुठला होता तेच हरवायचं. आज तिनं काही वेचलं नव्हतं. डोळा पडला आणि घडलं. शिंक आल्यासारखं. आणि शिंक तरी एकदा येऊन थांबते. तिनं मान वर केली तर समोरच्या फलकावर प्रवेश सुरू होता, त्याच्या बाजूला मर्यादित जागा होत्या, त्याच्या वर चाळीस पोरांचे गळ्यापर्यंतचे फोटो होते आणि प्रत्येक पोराच्या छातीवर त्याचे मार्क होते. खाली मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था होती, गरम पाणी होतं, दात काढून मिळत होते. इतकी वर्षं तिला वाटायचं की हा रस्ता शांत आहे. तो अजिबात शांत नव्हता. तो सकाळपासून रात्रीपर्यंत बोंबलत होता आणि तिला ऐकू येत नव्हतं एवढंच. तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या आत गरम पाणी तसंच राहिलं.

“यव्वा,” ती स्वतःशी म्हणाली, “आता ताईला काय सांगू?”

ताई म्हणजे अपूर्वा. नांदेडच्या विद्यापीठात ती संशोधन करत होती, विषय होता मोठ्या माणसांचं वाचन सुधारतं कसं. अंगानं काटकुळी, खांद्याला तिच्यापेक्षा जड पिशवी, आणि पिशवीत एक घड्याळ, जे वेळ सांगत नव्हतं, फक्त मोजत होतं. जूनमध्ये तिनं वॉर्डाच्या सभागृहात चाळीस माणसं जमवली होती. त्यात भांडीवाल्या होत्या, हमाल होते, वॉचमन होते आणि मेसमध्ये भाकरी थापणारी दानम्मा होती. सगळ्यांना वाचून थोडं येत होतं आणि फार येत नव्हतं. ताईनं स्टीलच्या डब्यात चाळीस चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येकाला एक उचलायला लावली. वीस जण निघाले शिकणाऱ्या गटात, त्यांचा आठवड्यातून तीनदा वर्ग. वीस जण निघाले थांबणाऱ्या गटात, त्यांना आठ महिने काही शिकवायचं नव्हतं. आठ महिन्यांनी दोन्ही गट शेजारी ठेवून बघायचं, मग यांचाही वर्ग सुरू.

“मग आम्ही काय करायचं?” दानम्मानं विचारलं होतं.

“काही नाही, मावशी. होतं तसं राहायचं.”

दानम्मा खूश झाली. भूकंपाला तेरा वर्षं झाली, तेवढ्यात कुणी इतकं सोपं काम सांगितलं नव्हतं. आणि तिला ते काम मनापासून करायचं होतं, कारण कागद घेऊन येणाऱ्या माणसाचं काम मनापासून करायचं हा भूकंपानंतर तिच्या गावात पडलेला रिवाज होता. गावाचं सगळं दगडमातीचं घरदार पहाटे एका दमात खाली बसलं, त्यानंतर सकाळपासून जी माणसं यायला लागली ती पाच-सहा वर्षं येतच होती. आधी घरातली किती गेली ते लिहून नेणारे आले, मग जनावरं किती गेली ते लिहून नेणारे आले. मग उरलेल्या भिंतींच्या भेगा मोजणारे आले. मग मनाला धक्का किती बसला ते मोजणारे आले, त्यांच्याकडं चार चौकोन होते, फार, बऱ्यापैकी, थोडा, नाही. एक परदेशी बाई आली, तिचा प्रश्न तीन भाषांतून फिरून दानम्मापाशी पोचायचा तोवर प्रश्न विचारल्याचं ती विसरलेली असायची आणि नुसती हात धरून बसायची. एक दाढीवाला आला, त्यानं विचारलं, गेलेल्यांपैकी कुणाची आठवण जास्त येते. दानम्माच्या घरातून सासू गेली होती आणि दोन म्हशी. सासूशी तिचं बारा वर्षं पटलं नव्हतं. पण दाढीवाला उन्हातून चालत आला होता, त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो पेन धरून फार आशेनं बघत होता. “सासूची,” ती म्हणाली. त्यानं अर्धं पान भरून लिहिलं आणि तोंडभर हसून गेला. त्या संध्याकाळी काटवटीत पीठ मळताना दानम्माला अचानक सासूचा खाकरण्याचा आवाज आठवला आणि ती पीठ भिजेपर्यंत रडली. म्हणजे दिलेलं उत्तर मागाहून खरं झालं. तेव्हापासून तिनं ठरवलं की लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं धाडायचं नाही. त्याला जे पाहिजे ते द्यायचं. खरं काय ते आपलं आपण नंतर बघता येतं.

आणि तिला खरंच वाटायचं की माणसांनी आपल्यासाठी फार केलं. कुठल्या कुठल्या मुलखातून ब्लँकेटं आली, बिस्किटं आली, चष्मे आले. सिद्रामप्पाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कुण्या साहेबाचा निळा कोट मिळाला होता, त्याच्या खिशावर सोनेरी दोऱ्यानं जहाज विणलेलं होतं. तो कोट घालून सिद्रामप्पानं अकरा वर्षं तुरीत खुरपणी केली. अजून तो नव्या गावातल्या घरी खुंटीला आहे आणि सिद्रामप्पा थंडीत तोच घालून चौकीदारी करतो. शेडच्या दिवसांत एकदा एक पोरगी फॉर्म घेऊन आली होती. दानम्मा तेव्हा बोलायचंच बंद झाली होती. पोरीनं दोन प्रश्न विचारले, मग फॉर्म मांडीखाली ठेवला आणि कुठूनसं तेल मागून आणून दानम्माच्या डोक्याला लावलं. तासभर. मग बस यायची वेळ झाली म्हणून ती तशीच गेली, फॉर्म कोराच. तिचं नाव विचारायचं राहिलं. त्या कोऱ्या फॉर्मबद्दल तिला कोण कोण बोललं असेल, तिची डिग्री हुकली असेल का, हा विचार दानम्माला तेरा वर्षांत कितीदा आला याची गणती नाही. पत्ता नसलेल्या माणसाचं देणं फेडायचं तर पुढं जी येईल तिच्यावर फेडायचं, दुसरा काही मार्ग तिला सुचला नव्हता. आणि पुढं आली ती अपूर्वा.

म्हणून आठ महिने होतं तसं राहायचं म्हणजे राहायचंच. श्रावण पाळतात तसं. आणि नेमकं त्याच जूनमध्ये रामकिशननं डबे बदलले.

रामकिशन मेसचा मालक. त्याच्या मेसला बासष्ट पोरांचे डबे होते, सगळी लातुरात डॉक्टर व्हायला आलेली. आधी प्रत्येक डबा दानम्मा तोंडओळखीनं ओळखायची, हा पोचे पडलेला, हा कडीला दोरा बांधलेला, हा बुटका. रामकिशननं ते सगळे काढून एकाच साच्यातले नवे कोरे बासष्ट आणले आणि वर कागदी चिठ्ठ्या लावल्या, पोराचं नाव आणि गाव. दिसायला झकास, पण आता बासष्ट डबे म्हणजे बासष्ट जुळे भाऊ. त्यात वैजनाथ दोन. रेणापूरचा वैजनाथ ठेचा भाकरीवर लावून नाही, भाकरी ठेच्यावर लावून खायचा. भोकरच्या वैजनाथच्या पोटात जखम होती, त्याला मिरचीचा वाससुद्धा वर्ज्य. पहिल्याच आठवड्यात डबे बदलले गेले आणि भोकरच्या वैजनाथनं फिजिक्सचा पेपर संडासात बसून बुडवला.

“दानम्माबाई,” रामकिशन म्हणाला, “खामखा बदनामी होऊन राहिली. उद्या हे पोरगं डॉक्टर झालं नाही तर त्याचा बाप माझ्या नावानं बोंब मारल.”

त्या दिवसापासून दानम्मा भोकरकडं नीट बघायला लागली. भोकरच्या सुरुवातीला पोट पुढं आलेलं अक्षर होतं, रेणापूरच्या डोक्यावर तुरा होता. पोट म्हणजे पोटदुखीवाला, तुरा म्हणजे तिखटवाला. मग मिहिर पोळी मागायचा, त्याला दोन वेलांट्या लागोपाठ. मग जळकोटचा, मग उदगीरचे तिघं. मग पोरं चिठ्ठीच्या मागं लिहायला लागली, उद्या डबा नको, वरणात मीठ कमी, भाकरी करपली होती. हे तिनं शिकणं समजलं नाही. हे काम होतं. शिकणं म्हणजे फळा, खडू, मांडी घालून बसणं. तिनं ना फळा पाहिला ना मांडी घातली, भाकरी थापता थापता उभ्या उभ्या डबे लावले. एक दिवस एका चिठ्ठीमागं लिहिलेलं निघालं, मावशी काल पिठलं लई भारी होतं. दानम्मानं ती चिठ्ठी तव्याच्या उजेडात धरली आणि एक भाकरी जाळली. तिच्यासाठी कुणी काही लिहिलं होतं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. भूकंपानंतर तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं होतं. पण तिला उद्देशून नाही. कुणी लिहिलं ते चिठ्ठी पालथी करून नाव बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि नाव बघायच्या आधीच तिला कळलं होतं की भोकरचं आहे, कारण पिठलं फक्त त्याच्यात बिनमिरचीचं होतं.

हे सगळं आता पायरीवर बसून तिच्या ध्यानात आलं. काम काम म्हणत तिनं व्रत मोडलं होतं.

ताईच्या परीक्षेचा शनिवार परवावर होता. दोन दिवस तिनं होतं तसं व्हायचा प्रयत्न केला. रस्त्यानं मान खाली घालून चालली, तर गटाराच्या झाकणावर नगर परिषद होती. डोळे मिटून चालून पाहिलं, तर एका वासराला धडकली. तेलाच्या पिंपावर, काडेपेटीवर, रामकिशनच्या बनियनच्या पट्टीवर, जिकडं तिकडं कुणी ना कुणी काही ना काही म्हणत होतं, आणि तिला उलट उत्तर देता येत नव्हतं. एकदा आलेलं न येणं करता येत नाही ही गोष्ट तिला कुणी आधी सांगितली नव्हती. सायकल विसरता येते का, तिनं एका पोराला विचारलं. ते म्हणालं, मावशी, विसरायला मला जीवशास्त्र पुरतंय.

तेव्हा उरला एकच रस्ता. दिसू द्यायचं नाही.

शनिवारी तीन वाजता, पहिली पंगत उठून दुसरीचं पीठ मळायच्या आधी, मेसच्या मागच्या ओट्यावर अपूर्वा आली. पिशवी उतरवली, पाणी प्याली, एक कागद दानम्मासमोर ठेवला. दर महिन्याला कागदावर नवा उतारा असायचा, ताईनं स्वतः लिहिलेला. पाणी उकळून प्यावे, बचत गटाचे फायदे, असलं काही. एका मिनिटात किती शब्द होतात ते बघायचं. जूनमध्ये दानम्माचे अकरा झाले होते, पुढं बारा, मग दोनदा पुन्हा अकरा.

“घाबरू नका, मावशी. जमेल तेवढंच.”

दानम्माला तेव्हा कळलं की नीट वाचण्यापेक्षा वाईट वाचणं किती अवघड आहे. अख्खी ओळ एका नजरेत आत येऊन बसली होती. तिला ती परत बाहेर काढून, फोडून, तुकडे तुकडे करून द्यायची होती, आणि तुकडे पूर्वी पडायचे तिथंच पडले पाहिजेत. पूर्वी आपल्याला काय येत नव्हतं ते आठवावं लागत होतं. जोडाक्षरापाशी ती अडायची, तर जोडाक्षर आलं की अडायचं. ओठ हलवायचे, बोट मागं न्यायचं. तिला स्वतःचीच नक्कल करायची होती आणि ती जुनी बाई तिला नीट आठवेना. जसं मेलेल्या माणसाचा चेहरा आठवायला जावं आणि फक्त नाक आठवावं. बारा शब्दांवर घड्याळ वाजलं. पाठीला घामाची धार होती.

“बारा,” अपूर्वा म्हणाली आणि तिनं लिहिलं.

दानम्माला बरं वाटलं. दाढीवाल्याला सासू दिली तेव्हा वाटलं होतं तसंच.

पुढचे महिने असेच गेले. बाहेर ती रोज जास्त जास्त वाचत होती, पोरांनी भिंतीला चिकटवलेली वेळापत्रकं, पुड्यांचे कागद, एकदा तर शेंगदाण्यांबरोबर आलेला बेडकाच्या पचनसंस्थेचा अर्धा धडा, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ती दोन दिवस हळहळली. आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ओट्यावर बसून ती अकरा, बारा, तेरा होत होती. तेरा मुद्दाम केले होते, सगळे सारखे आले तर ताईला शंका येईल. अपूर्वाचा चेहरा मात्र महिन्या-महिन्याला उतरत होता. शिकणाऱ्या गटातले अकरा जण वर्गाला यायचेच बंद झाले होते. एका वॉचमनची ड्युटी बदलली, दोघी भांडीवाल्यांना धडा वाचून झोप यायची. जे उरले त्यांचेही शब्द रांगत होते.

“गाईड म्हणतात, तुमच्या शिकवण्यात दम नाही,” ती एकदा म्हणाली. “बरोबरच असेल. मावशी, तुमचा गट तेवढा प्रामाणिक आहे. जसा होता तसा आहे.”

दानम्मानं तिच्यासमोर गरम भाकरी ठेवली आणि चुलीकडं तोंड करून बसली. धूर नव्हता, तरी डोळे पुसले.

रामकिशनला हा सगळा प्रकार पहिल्यापासून समजला नव्हता. “न शिकल्याची परीक्षा?” तो म्हणायचा. “आन त्याच्यावर डॉक्टरकी? माझ्या भाच्याला घ्या की मग. चार वर्षं झाली, बारावीला हाय. त्याच्यासारखा थांबणारा अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा न्हाई.”

शेवटची परीक्षा फेब्रुवारीत आली. तिच्या आदल्या दिवशी दानम्माला एका वेगळ्याच विचारानं धरलं. उद्या बारा लिहिले जातील आणि मग तो कागद नांदेडला जाईल, तिथं त्याचं पुस्तक होईल, पुस्तकाला पुठ्ठा लागेल, आणि पुस्तकात कायमचं लिहिलेलं राहील की दानम्माला आठ महिन्यांत काही आलं नाही. तोवर तिनं स्वतःचं काही कुणाला नाकारलं नव्हतं. सासूची आठवण दिली होती, मनाला किती धक्का तेही विचारणाऱ्याच्या सोयीनं दिलं होतं. पण हे द्यायला हात पुढं होईना. हे तिनं बासष्ट डब्यांवरून एकेक उचलून आणलं होतं. आणि खरं सांगावं तर काटकुळ्या पोरीची आठ महिन्यांची मेहनत आपल्या एका तोंडानं मातीत. तिनं त्या रात्री दोन्ही पारड्यांत एकेक भाकरी ठेवून पाहिली आणि सकाळी पुन्हा बाराच ठरवले. तेल लावणाऱ्या पोरीचा कोरा फॉर्म तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हता.

अपूर्वा आली. या वेळी ती दमलेली नव्हती, दमून पलीकडं गेलेली होती. “हा उतारा जरा वेगळा आहे, मावशी. पाणी, बचत, लसीकरण, सगळं लिहून झालं. मग कंटाळून काहीतरी लिहिलं. चालेल.” तिनं घड्याळ दाबलं.

“सोमवारी,” दानम्मानं सुरुवात केली, “स... सकाळी. पा... पार...” तिथं जोडाक्षर होतं, ती अडली. बोट मागं नेलं. “पार्वतीची शेळी. दा... दावे तोडून पळाली. ती. थे... थेट.” ग्रामपंचायतीपाशी ती भरपूर वेळ थांबली, तो शब्द तसा सोयीचा होता. “शिरली. ति... तिथे...”

तोंड ‘तिथे’वर होतं. डोळे मात्र मोकळे होते, आणि मोकळे डोळे काय करतात ते तिला चार महिन्यांपासून ठाऊक होतं. ते खाली उतरले. शेळी ग्रामपंचायतीत शिरली होती आणि तिथे कोणीच नव्हते. शेळीनं आधी टेबलावरचा हार खाल्ला. मग नव्या रस्त्याचा नकाशा खाल्ला, म्हणून तो रस्ता अजून झालेला नाही. अकरा वाजता सरपंच आले. त्यांनी घड्याळ बघितलं, रिकाम्या खुर्च्या बघितल्या, शेळी बघितली. ऑफिसात वेळेवर आलेली ती एकटीच होती. सरपंचांनी हजेरी काढली, शेळीला हजर धरलं आणि बाकी सगळ्यांची रजा मांडली.

दानम्मा हसली. आधी नाकातून एक फुसका आवाज आला, तो तिनं खोकल्यात घालायचा प्रयत्न केला. पण शेळी खुर्चीवर बसलेली तिच्या डोळ्यापुढं आली, गळ्यात अर्धा हार, आणि मग पोट हलायला लागलं, बांगड्या हलायला लागल्या, कागद हातातून सुटला. ओट्याच्या कडेला बसलेली चिमणी उडाली. घड्याळ वाजलं ते दोघींनाही ऐकू आलं नाही.

हसू संपलं तेव्हा अपूर्वा तिच्याकडं बघत होती.

“मावशी, कशाला हसलात?”

“न्हाई. असंच. ठसका.”

“तुम्ही ‘तिथे’वर होतात.”

दानम्मानं पदरानं तोंड पुसलं.

“‘तिथे’मध्ये हसण्यासारखं काही नाही, मावशी. ‘तिथे’ मी स्वतः लिहिलंय.” तिनं कागद उचलला, त्यावरून बोट फिरवत खाली आली. “हसायचं इथं आहे. साठ शब्दांच्या पुढं. मी हे सकाळपासून एकोणीस जणांकडून वाचून घेतलं. तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही. मला वाटलं, विनोद फसला.”

“शेळी हजर,” दानम्मा म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं, आणि मग लगेच रडू आलं. “ताई, मी वाचून राहिले. चार महिने झाले. थुकायला गेले आन वाचलं. मी न्हाई शिकले, तुमची आण. डब्यावरची नावं बघत गेले, तेवढंच. मोडलं माझ्या हातून. पण तुम्ही बाराच लिवा. डिग्री जाऊ नका देऊ. म्या कुणाला बोलायची न्हाई.”

 अपूर्वानं पिशवीतून जूनपासूनचे कागद काढले, मांडीवर पसरले. अकरा, बारा, अकरा, अकरा. बारा, अकरा, बारा, तेरा. “हे चार खोटे,” ती म्हणाली.

“हाव.”

“माझ्या डिग्रीसाठी तुम्ही चार महिने न येण्याचं सोंग केलं.”

“लई अवघड जातंय ते,” दानम्मा म्हणाली. “येण्यापेक्षा.”

अपूर्वानं ते चार कागद बाजूला काढले. मग तिच्या तोंडावर हसू आलं, पण ते दानम्मासाठी नव्हतं, ते कुठंतरी आतल्या आत जाऊन परत आलेलं होतं. “मावशी, मी आठ महिने उतारे लिहिले. आजवर माझ्या लिहिण्याला कुणी हसलेलं नाही. वर्गात जे वाचायचे ते माझ्यासाठी वाचायचे. उपकार केल्यासारखं. शेळीचं पुढं काय झालं, हे तुम्हाला एकटीलाच पाहिजे होतं.” तिनं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. “वाचा आता. खरं वाचा.”

“अन डिग्री?”

“ती माझी मी बघते. खोट्या बाराची डिग्री घेऊन मी नांदेडला काय तोंड दाखवू? वाचा.”

दानम्मानं पदर खोचला, जसा पीठ मळायच्या आधी खोचायची. सोमवारी सकाळपासून तिनं सुरुवात केली आणि या वेळी ती पार्वतीपाशी अडली नाही, ग्रामपंचायतीपाशी अडली नाही. नकाशापाशी तिचा आवाज जरा चढला. शेळी हजर झाली तेव्हा ती नीट थांबली, ऐकणाऱ्याला हसायला जागा मिळावी म्हणून, आणि अपूर्वा हसली. घड्याळ वाजलं तेव्हा सत्तर शब्द झाले होते.

अपूर्वानं शेवटच्या महिन्याचा फॉर्म पुढं ओढला, बारा व्हायचे तिथं सत्तर लिहिले, खाली शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली आणि टोपण लावलं. तिच्या बसला अर्धा तास होता. ती फॉर्म पिशवीत घालणार तोच दानम्मानं त्यावर हात ठेवला. हात पिठाचा होता.

“बघू.”

अपूर्वानं बघू दिलं. तेरा वर्षांत दानम्माबद्दल भरलेले असे अकरा-बारा कागद तिच्या अंगणातून निघून गेले होते, आणि त्यात काय होतं ते तिला कधी कळलं नव्हतं. तिनं वरून सुरुवात केली. नाव बरोबर होतं. नवऱ्याचं नाव बरोबर होतं. पुढच्या ओळीवर ती थांबली.

“वय सहासष्ट कुणाचं?”

“तुमचं. भूकंपाच्या सर्वेतून उतरवून घेतलं, त्यात तेरा मिळवले.”

“मी शेहेचाळीस हाय. त्या सर्वेवाल्यानं सासूचं वय मला लावलं वाटतं. म्हणजे मी मेले आन ती भाकऱ्या करून राहिली.” तिनं बोट खाली नेलं. “हे घाला शेहेचाळीस. आन हे काय? विशेष... प्रयत्न... नसताना... आपोआप... सुधारणा.” तिनं ते दुसऱ्यांदा वाचलं. मग मान हलवली. “न्हाई, ताई. हे चूक हाय.”

“काय चूक आहे?”

“आपोआप काय होतंय? आपोआप भूकंप होतो.” ती रागावली नव्हती. भाकरी कच्ची आहे हे सांगावं तशी सांगत होती. “हे बासष्ट पोरांनी शिकवलं. आधी भोकरच्या वैजनाथनं, त्याच्या पोटात जखम हाय. मग बाकीच्यांनी. त्यांना ठाऊक न्हाई ते, निम्मी तर औंदा नापास होणार हायत. पण शिकवलं त्यांनीच. तसं लिवा.”

“नावं लिहू?”

“पहिलं त्याचं तरी लिवा. बिचाऱ्याचा फिजिक्सचा पेपर बुडाला.”

अपूर्वानं ओळ खोडली आणि तिच्यावर नवी लिहिली. रकाना पुरला नाही, म्हणून समासातून खाली नेली. साडेपाचची नांदेडची बस रेणापूर नाक्यावर एव्हाना येऊन गेली असेल, असं दोघींनाही वाटलं आणि दोघीही जागच्या उठल्या नाहीत. दानम्मानं कागद आपल्याकडं फिरवून घेतला आणि सावकाश, कुणी मोजत नसताना, शेवटपर्यंत वाचला. एका शब्दापाशी अडली. अपूर्वानं सांगितलं नाही. थोड्या वेळानं तिचा तिला तो सुटला.

“आता बरोबर हाय,” ती म्हणाली. “सही कुठं करू?”

अपूर्वानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. तो फॉर्म बनवायला तिला तीन महिने लागले होते, तीन तज्ज्ञांनी तो तपासला होता, आणि ज्याच्याबद्दल फॉर्म आहे त्या माणसाच्या सहीला त्यात कुठंच जागा नव्हती. अगदी तळाशी एकच रेघ होती. दानम्मानं त्या रेघेखालचे दोन शब्द बोट ठेवून वाचले. तपासणाऱ्याची सही.

“मग हीच की,” ती म्हणाली, आणि अपूर्वाच्या हातातलं पेन घेऊन तिनं सही केली.